प्रॉडक्शनमधून ट्रेनिंगमध्ये: शॉप फ्लोअरवरच्या प्रशिक्षणात करिअर कसं करावं

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड. यांपैकी कुठल्याही एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिरा, ट्रेनिंगचा विभाग कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. मोठ्या कंपनीत त्याचा डोजो असतो, म्हणजे नव्या मुलाला लाइनवर सोडण्याआधी बोल्ट आवळण्यापासून माप घेण्यापर्यंत सराव करून घेणारी स्वतंत्र जागा. छोट्या व्हेंडरकडे तो एचआरच्या कपाटातली एक फाइल असतो. आणि दोन्हीकडे एक जुनी रीत दिसते: प्रॉडक्शनमध्ये दमलेल्या किंवा साहेबांशी न पटलेल्या माणसाला ट्रेनिंगला बसवायचं. त्यामुळे हुशार पोरं या कामाकडे करिअर म्हणून बघतच नाहीत.

माझ्या मते संधी इथेच आहे. पीपीटी दाखवणारे ट्रेनर पैशाला पासरी मिळतात. काम कुठे आणि का बिघडतंय हे शोधणारा, त्यातलं शिकवून सुटेल तेवढंच शिकवणारा आणि उरलेल्याबद्दल 'हे ट्रेनिंगचं काम नाही' असं आकडे समोर ठेवून सांगणारा माणूस शोधूनही सापडत नाही. असा माणूस होण्याची वाट खाली दिली आहे. वाचक डोळ्यांसमोर आहे तो प्रॉडक्शन, क्वालिटी किंवा मेंटेनन्समध्ये काही वर्षं काढलेला डिप्लोमा-डिग्रीवाला, आयटीआयचा निदेशक किंवा एचआरमध्ये असूनही फ्लोअरवर पाय ठेवायची हौस असलेला. बँका आणि सरकारी खात्यांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी हे बघा: कंपनी या विभागावर पैसे का खर्च करते

पहिलं कारण ऑडिट. वाहन उद्योगातल्या पुरवठादारांकडून मागितलं जाणारं आयएटीएफ १६९४९ हे मानक सक्षमतेबद्दल स्पष्ट बोलतं. गुणवत्तेवर परिणाम होणाऱ्या कामावरचा माणूस ते काम करायला सक्षम आहे, हे कंपनीने दाखवायचं असतं. कामावरच द्यायच्या ट्रेनिंगमधून कंत्राटी माणसांना वगळता येत नाही. दुसरं कारण कायदा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याच्या नियमांत २०१९ मध्ये झालेल्या बदलानुसार, कंत्राटी धरून ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. मग त्यांना शिकवणारं कोणीतरी लागतंच.

तिसरं कारण कुठल्या मानकात लिहिलेलं नाही. माणसं टिकत नाहीत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेला मुलगा शेजारच्या गेटवर थोडे पैसे जास्त मिळाले की निघून जातो. सणाला गावी गेलेला परत येईलच असं नाही. सोमवारी लाइनवर पुन्हा नवा चेहरा.

पहिल्या दोन कारणांसाठी कागद पुरतात. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात हजेरीपत्रकावर सह्या गोळा करत फिरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तुमचं करिअर घडेल ते तिसऱ्या कारणावर.

पायरी १: ट्रेनिंगची मागणी आली की हॉल बुक करू नका

समजा, मशीन शॉपचा मॅनेजर सांगतो, "बोअर ओव्हरसाइज जातोय. पोरांना दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या." (बोअर म्हणजे भागात कोरलेलं गोल भोक; ते मापापेक्षा मोठं होतंय.) तीस ऑपरेटर, तीन शिफ्ट. नवखा ट्रेनर लगेच कॅलेंडर उघडतो. तुम्ही महिन्याभराची रिजेक्शनची नोंद मागा आणि ती चार प्रकारे फोडा: मशीनप्रमाणे, शिफ्टप्रमाणे, ऑपरेटरप्रमाणे आणि इन्सर्ट (धातू कापणारं, झिजलं की बदलायचं टोक) बदलल्यापासून कितव्या पीसला चूक झाली त्याप्रमाणे. चौथी नोंद बहुधा तयार मिळणार नाही. आठवडाभर स्वतः उभं राहून ती काढावी लागते.

आता चित्र असं दिसतं. ओव्हरसाइज पीस इन्सर्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन नगांतच आहेत, आणि तेही बहुतेक सेकंड आणि थर्ड शिफ्टला. मशीनवर काम केलेल्याला इथेच खटकतं. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो, म्हणून ऑपरेटर थोडा थोडा ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, देत राहतो. नवा इन्सर्ट लावल्यावर तो ऑफसेट मागे घ्यायचा असतो. राहिला, की पुढचा पीस मोठा होतो आणि मोठा झालेला बोअर सहसा थेट स्क्रॅपमध्येच जातो.

मग रात्री शिफ्टला जाऊन बघा. आणखी तीन गोष्टी दिसतात. तीन मशिनींना मिळून एकच बोअर गेज (भोकाचं माप घेणारं साधन) आहे आणि जनरल शिफ्ट सुटली की मास्टर रिंग (गेज जुळवायची अचूक मापाची कडी) क्वालिटीच्या खोलीत कुलपात जाते. आधीच्या शिफ्टने किती ऑफसेट दिला हे कुठे लिहिलेलं नसतं. आणि टार्गेट नगांवर मोजलं जातं, त्यामुळे पहिला पीस तपासायला लागणारी चार मिनिटं कोणालाच परवडत नाहीत. तिसांपैकी ऑफसेट मागे घ्यायचा असतो हेच ठाऊक नसलेले दोघे निघतात, दोघेही नवे.

म्हणजे दोन दिवसांच्या ट्रेनिंगची मागणी होती. खरी गरज निघाली लाइनवर गेज आणि मास्टर रिंग ठेवण्याची, मशीनवर ऑफसेट लिहायची पाटी लावण्याची, पहिल्या पीसच्या तपासणीचा वेळ टार्गेटमध्ये धरण्याची आणि दोन मुलांना अर्धा तास शिकवण्याची.

असा शोध घेताना एक साधी चाचणी कामी येते. ऑपरेटरशेजारी उभं राहून म्हणा, "करून दाखव." तो बरोबर करून दाखवत असेल तर त्याला येतं. मग रोज का होत नाही याचं कारण त्याच्या डोक्यात शोधू नका, त्याच्या आजूबाजूला शोधा.

ही तपासणी नेटकी करायला थॉमस गिल्बर्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये मांडलेला सहा घरांचा तक्ता अजून उत्तम आहे. वरची तीन घरं परिसराची: माहिती, साधनं, मोबदला. खालची तीन माणसाची: ज्ञान, कुवत, इच्छा. वरच्या ओळीपासून सुरुवात करायची, कारण तिथल्या दुरुस्त्या सहसा स्वस्त पडतात आणि परिणाम लवकर दिसतो. ट्रेनिंगने भरतं ते सहापैकी एकच घर, ज्ञानाचं. आपल्याकडे मात्र सगळी बिलं त्याच घरावर फाडली जातात.

मॅनेजरला हे सांगायचं कसं? "ट्रेनिंगची गरज नाही" असं तोंडावर म्हटलं की तो चिडणार. "साहेब, ट्रेनिंग देतोच. त्याआधी तीन दिवस लाइनवर बघू द्या" असं म्हणा आणि परत येताना आकड्यांचा एक कागद आणा. बहुतेक साहेब कागदाशी भांडत नाहीत.

पायरी २: एक काम मोडून लिहायला शिका

या धंद्यातलं हस्तकौशल्य हेच, आणि ते कॉलेजात कोणी शिकवत नाही. अमेरिकेत १९४० मध्ये युद्धाच्या तयारीत टीडब्ल्यूआय नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. कारखान्यांत आलेल्या नवख्या माणसांना लवकर तयार करायचं होतं. त्यातला काम शिकवण्याचा अभ्यासक्रम एकूण दहा तासांचा होता, दोन-दोन तासांची पाच सत्रं. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांत रुजला. आजच्या डोजोमध्ये त्याचेच संस्कार दिसतात.

कागदावर तीन रकाने आखा: काय करायचं, त्यातली खुबी काय, ती का. वरच्याच उदाहरणातलं डायल बोअर गेजने माप घेणं घ्या. पहिलं काम मास्टर रिंगवर शून्य लावणं. खुबी अशी की गेज हलके झुलवायचा आणि काटा जिथून माघारी फिरतो तिथे शून्य धरायचं. कारण तिरका धरलेला गेज व्यास जास्त दाखवतो. दुसरं, बोअर साफ करणं. आत चिकटलेली चिप किंवा कूलंटचा थर बोअर लहान दाखवतो आणि मग ऑपरेटर नको तेवढा ऑफसेट देऊन बसतो. तिसरं, पीस थंड होऊ देणं, कारण गरम पीसचा बोअर मोठा भरतो. चौथं, गेज आत घालून झुलवणं आणि पुन्हा काटा माघारी फिरतो तोच आकडा वाचणं. एवढंच. अर्ध्या पानात मावतं, पण प्रत्येक ओळीत 'का' असतं. कारण कळलेला माणूस सुपरवायझर नसतानाही ते पाळण्याची शक्यता जास्त.

हा कागद टेबलावर बसून लिहू नका. लाइनवरच्या सगळ्यात चांगल्या ऑपरेटरकडे जा. मात्र त्याला "सांगा" म्हणून भागत नाही. त्याच्या हाताला जे येतं ते तोंडाने सांगताना हमखास सुटतं. त्याला काम करताना अनेकदा बघा आणि हात थांबला, वळला, दाबला की विचारा, "काका, आत्ता असं का केलंत?" खुब्या याच उत्तरांत असतात. कंपनीची परवानगी असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. नसेल तर मुळीच घेऊ नका, नोकरीवर बेतेल.

शिकवण्याच्या पायऱ्या चार: माणसाला तयार करणं, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, नंतर मागे लक्ष ठेवणं. आपल्याकडे दुसऱ्या पायरीनंतर "समजलं का?" असं विचारतात, "हो सर" असं उत्तर येतं आणि सगळे चहाला जातात. तिसऱ्या पायरीला मुलाने काम करता करता खुबी आणि कारण स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. तो अडखळला तर पुन्हा दाखवायचं. सांगण्याची भाषा त्याची असावी. वर्क इन्स्ट्रक्शन इंग्रजीत, मुलगा भोजपुरी किंवा ओडिया बोलणारा आणि ट्रेनर मराठी, असं त्रांगडं चाकणमध्ये रोजचं आहे. अशा वेळी फोटो, तोडकंमोडकं हिंदी आणि प्रत्यक्ष पीस हातात देणं यांवरच भर द्या.

पायरी ३: स्किल मॅट्रिक्स खरी करा

प्रत्येक लाइनवर ती टांगलेली असते: उभं नावं, आडवं ऑपरेशनं, प्रत्येक चौकटीत चार भागांचा गोळा. एक भाग भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. बऱ्याच ठिकाणी सगळे गोळे भरलेले असतात. तसा तक्ता दिसला की समजा, तो ऑडिटरसाठी आहे.

तुम्ही एक काम करा. तक्त्याकडे नावांच्या बाजूने बघू नका, ऑपरेशनच्या बाजूने बघा. कुठल्या रकान्यात एकटा काम करू शकणारा माणूस एकच आहे? तो आजारी पडला की लाइन थांबणार. टीएनआय म्हणजे ट्रेनिंगची गरज ठरवण्याच्या फॉर्मवर सुपरवायझर 'टीमवर्क', 'कम्युनिकेशन' असलं काहीबाही लिहून पाठवतात. खरी टीएनआय या रिकाम्या रकान्यांत असते. गोळा भरायचा नियमही ठरवून टाका: ठरावीक नग सलग, ठरलेल्या वेळेत, एकही दोष न होता.

पायरी ४: परिणाम रुपयांत मांडा

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्या सगळ्या जगात वापरतात: माणसाला सत्र कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर वागणं बदललं का आणि धंद्याला काय मिळालं. पहिल्या पातळीचे फीडबॅक फॉर्म सगळेच भरून घेतात. जेवण चांगलं होतं की गुण चांगले पडतात. तुम्ही तिसरी आणि चौथी धरा.

त्यासाठी सुरुवातीचा आकडा काम हाती घेण्याआधीच लिहून ठेवावा लागतो, आणि त्यावर मॅनेजरची सही घ्यावी. आपल्या उदाहरणात महिन्याला ४,००० पीस निघतात आणि ३ टक्के रिजेक्ट होतात असं धरू. १२० पीस झाले. एका पीसचे ४५० रुपये धरले तर महिन्याला ५४,००० रुपये भंगारात. दुरुस्तीनंतर प्रमाण १.२ टक्क्यांवर आलं तर ४८ पीस, २१,६०० रुपये. महिन्याची बचत ३२,४०० रुपये.

यातला प्रत्येक रुपया ट्रेनिंगच्या खात्यात ओढू नका. गेज क्वालिटीने आणला, टार्गेट प्रॉडक्शनने बदललं, पाटी कोणा ऑपरेटरने सुचवली असेल. मधल्या काळात कास्टिंगचा पुरवठादार बदलला असेल तर तेही लिहा. श्रेय वाटून टाकलं की पुढच्या वेळी तेच लोक तुम्हाला आपणहून बोलावतात. शिवाय महिन्याने पुन्हा लाइनवर जाऊन ऑफसेटची पाटी भरली जातेय का ते बघा. पाट्या दुसऱ्या महिन्यात कोऱ्या पडू लागतात.

पायरी ५: आहे त्या नोकरीत पुरावे जमवा

ट्रेनिंगमध्ये बदली मिळाल्यावर सुरुवात करू असं ठरवलंत तर बदली मिळणारच नाही. आज जिथे आहात तिथे एक छोटी समस्या निवडा. ती मोजता येणारी हवी, तुमच्या सुपरवायझरला सतावणारी हवी आणि दोन-तीन महिन्यांत हलेल अशी हवी. रिवर्क, सेटिंगला लागणारा वेळ, नव्या मुलाला एकट्याने लाइन सांभाळायला लागणारे दिवस, यातलं काहीही चालेल. कायझेन (छोट्या छोट्या सुधारणांची पद्धत) किंवा क्वालिटी सर्कलमधून केलीत तर परवानगीचा प्रश्नही सुटतो.

प्रत्येक कामाचं एक पान ठेवा: मागणी काय होती, कारण काय निघालं, काय केलं, काय नाही केलं आणि का, आधीचा आणि नंतरचा आकडा. ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर बाहेर नेऊ नका. 'एक मशीन शॉप', 'एक बोअरचं ऑपरेशन' एवढं पुरतं. अशी तीन-चार पानं हातात असलेला उमेदवार बायोडेटात 'उत्तम संवादकौशल्य' लिहिणाऱ्याच्या फार पुढे असतो.

आणि बोलायचा सराव करा. लाइनवरची सकाळची पाच मिनिटांची मीटिंग घ्यायला मागा. मशिनींच्या आवाजात, कंटाळलेल्या वीस माणसांसमोर एकच मुद्दा पोचवता आला की हॉलमधलं काम सोपं वाटतं.

पायरी ६: कोर्स आणि प्रमाणपत्रं

पदवीने दार उघडतं, पण कुठलं दार ते आधी ठरवा. आयटीआयमध्ये किंवा कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात निदेशक व्हायचं असेल तर एक वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम बघा. तो केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा आहे आणि मुंबईच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत चालतो. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट या १९७० पासूनच्या संस्थेचा प्रशिक्षणावरचा डिप्लोमा आहे. एचआरमधून वर चढायचं असेल तर एचआरमधलं एमबीए उपयोगी पडतं. 'टीस'सारख्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) संस्थेचं नाव असेल तर मोठ्या कंपन्या थेट घेतात. मात्र फ्लोअर न पाहिलेल्या एमबीएला ऑपरेटर पहिल्या दिवशीच ओळखतात.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांत दोन जाती आहेत. अमेरिकेतल्या एटीडी या प्रशिक्षकांच्या संघटनेची परीक्षा देऊन मिळतात. कामगिरी सुधारण्याच्या क्षेत्रातल्या आयएसपीआय या संस्थेचं सीपीटी हे प्रमाणपत्र मात्र प्रत्यक्ष केलेल्या कामांचे पुरावे ठरलेल्या निकषांवर तपासून देतात. पाचव्या पायरीतली पानं तिथेही चालतील. दोन्हींची फी डॉलरमध्ये असते. परदेशी कंपनीत जायचं असेल किंवा कंपनी पैसे भरणार असेल तरच विचार करा. पहिल्या नोकरीसाठी यांची गरज नाही. दोन दिवसांच्या 'ट्रेन द ट्रेनर' प्रमाणपत्रांच्या रांगा लावण्यात तर काहीच अर्थ नाही.

पायरी ७: नोकरी कुठे आणि मुलाखतीत काय

सगळ्यात सोपी उडी स्वतःच्याच कंपनीत, डोजोच्या ट्रेनरची. तुम्हाला लाइन माहीत असते, माणसं ओळखतात. पगार लगेच फारसा वाढेल अशी आशा धरू नका. ग्रेड उतरवून नेत असतील तर मात्र थांबा, पुढची बढती अडकते. बाहेर बघत असाल तर ट्रेनिंग इंजिनिअर, डोजो इन-चार्ज, एल अँड डी (लर्निंग अँड डेव्हलपमेंट) एक्झिक्युटिव्ह, टीपीएम (यंत्रांची सर्वांनी मिळून देखभाल) किंवा कायझेनचा समन्वयक अशा नावांनी जागा निघतात. कामाचं वर्णन वाचा. त्यात फक्त 'कॅलेंडर बनवणे, हजेरी ठेवणे, मॅनडे (माणसं गुणिले ट्रेनिंगचे दिवस) पूर्ण करणे' एवढंच असेल तर ती कारकुनी आहे.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: "मागच्या वर्षी ट्रेनिंगमुळे कुठला आकडा हलला?" समोरचा मॅनडेचा आकडा सांगू लागला तर तिथे पाया घालण्यापासून काम आहे. ते वाईटच असं नाही, पण प्लांट हेडचा पाठिंबा आहे का, ते त्याच खोलीत विचारून घ्या.

कारखान्याबाहेरही हीच विद्या लागते. पुण्यात बँक अधिकाऱ्यांसाठी राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आहे, राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी यशदा आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी सुरू केल्यापासून सरकारी प्रशिक्षणात ऑनलाइन अभ्यासक्रमांचं कामही वाढलं आहे. तिथे आतल्या खात्यातून येणाऱ्यांचा रस्ता वेगळा असतो, बाहेरच्यांना सहसा पाहुणे व्याख्याते किंवा मजकूर लिहिणारे म्हणून शिरकाव मिळतो. हॉस्पिटलांत अनुभवी सिस्टर नव्या नर्सना तयार करतात. हात धुण्यापासून औषध देण्यापर्यंतच्या तिथल्या चुकांनाही सहा घरांचा तक्ता तितकाच लागू पडतो.

पुढे स्वतंत्र काम करायचं असेल तर

दहा-बारा वर्षांनी बरेच जण कन्सल्टंट होतात. छोटे व्हेंडर हे खरं गिऱ्हाईक, कारण त्यांना पूर्णवेळ ट्रेनर परवडत नाही आणि मोठ्या कंपनीचं ऑडिट तर डोक्यावर असतं. दर दिवसाप्रमाणे सांगू नका, कामाप्रमाणे सांगा: पाहणी, दुरुस्तीच्या सूचना, आवश्यक तेवढं ट्रेनिंग आणि महिन्याने फेरतपासणी. करारात सुरुवातीचा आकडा दोन्ही बाजूंच्या सहीने लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता फेरतपासणीनंतर ठेवा. एचआर म्हणेल, "फक्त वर्कशॉप घ्या, लाइनवर जायची गरज नाही." अशी कामं पोटापुरती घ्या, पण तुमच्या पानांच्या फाइलमध्ये लावू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते, तेव्हा पहिल्याच वर्षी एखादा सीए गाठून ठेवा. आणि व्हेंडरकडून पैसे उशिरा येतात, हे धरून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका.